एम३ भागिले जीडीपी: या आकड्याला 'खोली' म्हणावं का?

'वित्तीय विकास आणि आर्थिक वाढ' हा विषय अर्थशास्त्राच्या सिनॉप्सिसमध्ये दर वर्षी कुणी ना कुणी घेतोच. विषय वाईट नाही. वाचायला भरपूर आहे, डेटा फुकट मिळतो, गाईडलाही ओळखीचा वाटतो. मग मेथडॉलॉजीच्या पानावर ते ठरलेलं वाक्य येतं: वित्तीय विकास मोजण्यासाठी विस्तृत पैशाचं, म्हणजे एम२ किंवा एम३ चं, जीडीपीशी असलेलं गुणोत्तर वापरलं आहे. पुढे कंसात 'किंग आणि लेव्हिन, १९९३'. वाक्य संपलं, पान उलटलं.

हे वाक्य लिहिण्याआधी त्या कंसातल्या पेपरकडे आणि त्या गुणोत्तराकडे नीट बघू. तुमच्या प्रबंधाचा पुढचा सगळा डोलारा, म्हणजे युनिट रूट, एआरडीएल, ग्रँजर कॉजॅलिटी, या एका स्तंभावर उभा राहणार आहे. स्तंभ जे मोजतो म्हणून सांगितलं जातं ते मोजत नसेल, तर वरची टेस्ट कितीही नवी असली तरी उपयोग नाही.

आधी मूळ पेपर. रॉबर्ट किंग आणि रॉस लेव्हिन यांचा हा लेख १९९३ मध्ये क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आला. ८० देश, १९६० ते १९८९ हा काळ. शीर्षकात शुम्पीटर आहे, कारण प्रश्न त्याचा आहे: बँका फक्त पैसे सांभाळतात, की कोणत्या उद्योजकाला पैसा मिळावा हे ठरवून वाढीला हातभार लावतात? निष्कर्ष असा, की ज्या देशांत वित्तव्यवस्था सुरुवातीला जास्त विकसित होती, ते पुढच्या तीन दशकांत सरासरीनं जास्त वेगानं वाढले. त्याआधी गोल्डस्मिथनं १९६९ मध्ये ३५ देश घेऊन असंच काहीतरी दाखवलं होतं, पण त्यात इतर घटकांचा हिशेब फारसा नव्हता. किंग-लेव्हिन यांनी तो केला. म्हणून हा पेपर मोठा.

आता बारकाईनं वाचा, कारण बहुतेक प्रबंधांत हा भाग गळतो. त्यांनी एक नाही, चार मापं वापरली. पहिलं आपलं ओळखीचं: वित्तव्यवस्थेच्या तरल देण्यांचं जीडीपीशी गुणोत्तर, ज्याला ते 'डेप्थ' म्हणतात. दुसरं, देशातल्या एकूण बँकिंग मालमत्तेत मध्यवर्ती बँकेच्या तुलनेत व्यापारी बँकांचा वाटा किती. तिसरं, एकूण कर्जातलं किती कर्ज खाजगी क्षेत्राला गेलं. चौथं, खाजगी कर्जाचं जीडीपीशी प्रमाण. चार का लागली? पहिल्या मापावर त्यांचाच पुरता भरवसा नव्हता म्हणून. पैसा किती साठला हे एक, आणि तो कुणी, कुणाला, कशासाठी दिला हे दुसरं. शुम्पीटरचा प्रश्न दुसऱ्याबद्दल आहे. पहिलं माप फक्त साठा सांगतं.

लेखकांनी चार चाव्या दिल्या. मागून आलेल्यांनी सर्वांत सोपी उचलली, कारण जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर ती एका क्लिकवर उतरते.

हे गुणोत्तर मुळात आहे तरी काय? बारावीच्या पुस्तकातलं फिशरचं समीकरण आठवा: पैसा गुणिले त्याचा भ्रमणवेग बरोबर किंमतपातळी गुणिले उत्पादन. उजवी बाजू म्हणजे चालू किमतींना जीडीपी. दोन्ही बाजूंची जरा हलवाहलव केली, की पैसा भागिले जीडीपी बरोबर एक भागिले भ्रमणवेग. म्हणजे ज्याला आपण मोठ्या थाटात 'वित्तीय खोली' म्हणतो, ते दुसऱ्या वर्गात, दुसऱ्या तासाला शिकवलेल्या भ्रमणवेगाचं उलटं रूप आहे. लोक आपल्या उत्पन्नाच्या मानानं किती पैसा रोख आणि ठेवींच्या रूपात धरून बसले आहेत, एवढंच ते सांगतं. का धरून बसले आहेत, ते सांगत नाही. बँकेवर विश्वास आहे म्हणून धरतील. शेअर आणि रोखे घ्यायची सोय नाही म्हणूनही धरतील. किंवा काळ वाईट आहे, खर्च करायची भीती वाटते म्हणूनही. तीन वेगळी कारणं, तीन वेगळे अर्थव्यवहार, आकडा एकच.

देशादेशांची तुलना केली की हे लगेच दिसतं. जपान आणि चीन दोन्हीकडे हे गुणोत्तर २०० टक्क्यांच्या वर आहे. अमेरिकेत २०१९ च्या अखेरीस ते साधारण ७२ टक्के होतं. म्हणजे अमेरिकेची वित्तव्यवस्था जपानच्या एक-तृतीयांश 'खोल'? असं कुणी म्हणणार नाही. अमेरिकन कुटुंबाची बचत पेन्शन फंडात, म्युच्युअल फंडात, शेअरमध्ये असते. जपानी कुटुंबाची बरीचशी बचत बँकेच्या ठेवीत असते. बचत ठेवायच्या सवयीतला फरक इथे विकासातला फरक म्हणून मोजला जातो.

तरी हे उदाहरण सौम्य आहे. खरी झोप उडवणारं उदाहरण लेबनॉनचं.

२०१८ पर्यंत लेबनॉन हा जगातल्या सर्वांत 'खोल' देशांपैकी एक होता. विस्तृत पैसा जीडीपीच्या २०० टक्क्यांच्या बराच वर. परदेशात गेलेले लेबनीज लोक पैसे पाठवत, बँका डॉलरच्या ठेवींवर भरपूर व्याज देत, स्थानिक पौंड १९९७ पासून डॉलरला १५०७.५ या दराला बांधलेला. बाहेरून बघणाऱ्याला चित्र झकास दिसे. आतून असं होतं, की बँका त्या ठेवींचा मोठा भाग उद्योगांना न देता मध्यवर्ती बँकेकडे ठेवत आणि सरकारी रोख्यांत गुंतवत. मध्यवर्ती बँक तो डॉलर बांधलेला दर टिकवायला वापरे. जुन्या ठेवीदाराचं व्याज नव्या ठेवीदाराच्या पैशातून. ऑक्टोबर २०१९ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, बँका दोन आठवडे बंद राहिल्या. उघडल्या तेव्हा लोकांना स्वतःचे डॉलर काढता येईनात. मार्च २०२० मध्ये सरकारनं परकीय कर्ज बुडवलं. २०२१ मध्ये जागतिक बँकेनं या संकटाची गणना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या जगातल्या सर्वांत वाईट दहा संकटांत केली.

तुमच्या पॅनेलमध्ये लेबनॉन असेल, तर २०१८ ची ती ओळ वित्तीय विकासाचा जवळजवळ उच्चांक म्हणून बसलेली असेल. रेग्रेशनला काय माहीत? आणखी एक गंमत, खरं तर गंमत नव्हे: संकटानंतरच्या वर्षांतला आकडा तर वापरूच नका. अधिकृत दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत १५०७.५ च दाखवत होते, बाजारात पौंड त्याच्या कितीतरी पट घसरला होता. अंशातल्या डॉलर-ठेवी एका दराने पौंडात मोजलेल्या, छेदातला जीडीपी भडकलेल्या किमतींचा. असं गुणोत्तर कसलंच नसतं.

लेबनॉन टोकाचं उदाहरण झालं, असं कुणी म्हणेल. मग भारत घ्या.

१९७०-७१ मध्ये भारताचा एम३ जीडीपीच्या साधारण २४ टक्के होता. १९९०-९१ मध्ये तो ४५ टक्क्यांच्या पुढे-मागे आला. वीस वर्षांत जवळपास दुप्पट. कारण उघड आहे: १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या, १९९० पर्यंत त्या सुमारे ६० हजार झाल्या. तालुक्याच्या गावी बँक आली, लोकांनी ठेवी ठेवल्या, एम३ वाढला. हे खरं यश आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण ठेवी गेल्या कुठे? १९९१ पर्यंत रोख राखीव प्रमाण, म्हणजे सीआरआर, १५ टक्के आणि वैधानिक रोखता प्रमाण, म्हणजे एसएलआर, ३८.५ टक्के झालं होतं. बेरीज ५३.५. म्हणजे बँकेत आलेल्या १०० रुपयांतले ५३.५० रुपये रिझर्व्ह बँकेत आणि मुख्यतः सरकारी रोख्यांत जाणार हे आधीच ठरलेलं. नव्यानं येणाऱ्या ठेवींवर तर आणखी १० टक्के सीआरआर होता. उरलेल्यातलाही मोठा हिस्सा अग्रक्रमाच्या क्षेत्रांसाठी राखलेला. नरसिंहम समितीनं १९९१ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं.

तर या वीस वर्षांत 'खोली' दुप्पट झाली हे म्हणणं आकड्यानं बरोबर आहे. पण शुम्पीटरच्या प्रश्नाचं, बँकेनं कोणत्या उद्योजकाची निवड केली याचं, उत्तर असं की निम्म्याहून जास्त पैशाबाबत बँकेला निवड करायला मिळालीच नाही. किंग-लेव्हिनचं तिसरं माप, खाजगी कर्जाचा वाटा, इथे उपयोगी पडलं असतं. आपल्याकडचे प्रबंध १९७० पासूनची मालिका घेतात आणि पहिल्या मापावर थांबतात.

याच काळावरचा एक वेगळ्या जातीचा पेपर वाचा: रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे, अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू, २००५. १९७७ ते १९९० या काळात रिझर्व्ह बँकेचा नियम होता, की जिथे आधीच बँक आहे तिथे एक शाखा उघडायची असेल, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडा. नियम आला आणि गेला, त्यामुळे कुठे शाखा का वाढल्या याचं कारण बाहेरून ठरलेलं मिळतं. त्यावरून त्यांनी ग्रामीण शाखा आणि गरिबी यांचं नातं तपासलं. त्यांच्या निष्कर्षावर नंतर वाद झाले, ते वाचाच. पण प्रश्न कसा मांडलाय बघा. देशाचा एकच मोठा आकडा घेऊन त्याला विकास म्हणण्याऐवजी बँक गावात येण्याची एक ठोस घटना पकडली आहे.

आता २०१६ कडे या, कारण या गुणोत्तराचा आंधळेपणा तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो. ८ नोव्हेंबर २०१६ ला चलनातल्या सुमारे ८६ टक्के किमतीच्या नोटा रद्द झाल्या. रोख चलनाचं जीडीपीशी प्रमाण मार्च २०१६ मध्ये १२.१ टक्के होतं, मार्च २०१७ मध्ये ८.७ वर आलं. आणि एम३ चं प्रमाण? जवळपास जागच्या जागी, ८३-८४ च्या आसपास. कारण सरळ आहे. एम३ मध्ये रोखही येते आणि ठेवीही. लोकांनी रांगा लावून नोटा बँकेत भरल्या, एका खिशातलं दुसऱ्या खिशात गेलं, बेरीज तीच राहिली. फक्त एम३ चा स्तंभ बघणाऱ्या संशोधकाला त्या वर्षी देशात काही घडलं याचा पत्ताच लागणार नाही. रोखीवर चालणारी बाजारपेठ, मजुरी, भाजी, छोटा कारखाना, यांतलं काहीही त्या आकड्यात उमटत नाही. एक काळजी मात्र घ्या: मार्चअखेरचा साठा आणि पूर्ण वर्षाचा प्रवाह यांचं हे गुणोत्तर आहे. ८.७ हा आकडा वर्षभराचा नाही, ३१ मार्चच्या आसपासचा फोटो आहे. बेक, देमिर्ग्यूच-कुंट आणि लेव्हिन यांनी २००० साली जो डेटाबेस बांधला, त्यात म्हणूनच दोन वर्षअखेरच्या साठ्यांची, महागाई काढून टाकून, सरासरी घेतली आहे. आपल्याकडे थेट भागाकार होतो.

चार वर्षांनी उलटी गोष्ट घडली. २०२०-२१ मध्ये एम३ सुमारे १२ टक्क्यांनी वाढला आणि टाळेबंदीमुळे चालू किमतींचा जीडीपी थोडा घटला. २०११-१२ पायावर्षाच्या मालिकेनं गुणोत्तर सुमारे ८४ वरून सुमारे ९५ वर गेलं. अमेरिकेतही तेच: ७२ वरून ९० च्या आसपास, एका वर्षात. दुकानं बंद, कारखाने बंद, लोक घरी, आणि वित्तीय विकास मात्र विक्रमी!

इथून निघणारा मुद्दा तांत्रिक आहे, पण व्हायव्हामध्ये विचारला जाण्यासारखा आहे. तुमचं अवलंबी चल जीडीपीची वाढ आहे. तुमच्या स्वतंत्र चलाच्या छेदात जीडीपी आहे. दोन्ही त्याच वर्षाचे घेतले, तर जीडीपी पडला की वाढ कमी आणि गुणोत्तर जास्त, हे आपोआप होणार. बँकांनी काहीही केलं नसलं तरी. हे नातं अर्थव्यवस्थेनं निर्माण केलेलं नाही, भागाकारानं केलेलं आहे. किंग-लेव्हिन यांनी १९६० चं सुरुवातीचं मूल्य घेऊन पुढच्या काळाची वाढ बघितली, त्यामागे हेही एक शहाणपण होतं. वार्षिक मालिकेत, तीस-चाळीस निरीक्षणांवर, त्याच वर्षाचं गुणोत्तर टाकून 'वित्तीय खोलीचा वाढीवर नकारात्मक परिणाम' असा निष्कर्ष काढायचा आणि मग त्याला सैद्धांतिक कारण शोधत बसायचं, हे प्रकार नियतकालिकांत छापून आलेले दिसतात. नवल वाटायचं कारण नाही, सॉफ्टवेअर छेद तपासत नाही.

सुरुवातीचं मूल्य घेतलं म्हणजे कार्यकारण सिद्ध झालं असंही नाही. जोन रॉबिन्सन यांचं म्हणणं होतं की उद्योग पुढे जातो आणि वित्त त्याच्या मागे येतं. पुढे भरभराट होणार असं लोकांना वाटत असेल, तर बँका आधीच वाढतील. मग बँका वाढीचं कारण नव्हेत, वाढीची चाहूल. राजन आणि झिंगालेस यांनी १९९८ मध्ये याच अडचणीला हात घातला: बाहेरून पैसा जास्त लागणारे उद्योग, वित्तव्यवस्था चांगली असलेल्या देशात तुलनेनं जास्त वाढतात का, असा उद्योगनिहाय प्रश्न विचारला. नंतर रूसो आणि वॉचेल यांनी २०११ मध्ये दाखवलं की १९८९ नंतरचा डेटा घेतला तर जुनं नातं कमकुवत होतं. आर्काँ, बर्केस आणि पानिझ्झा यांनी खाजगी कर्ज जीडीपीच्या १०० टक्क्यांच्या आसपास गेलं की त्याचा फायदा संपतो असं मांडलं. हे सगळं वाचून झाल्यावर 'किंग आणि लेव्हिन, १९९३' एवढाच कंस पुरेसा वाटतो का, ते बघा.

काही जण हेच गुणोत्तर राज्य किंवा जिल्हा पातळीवर न्यायचं म्हणतात, त्यांच्यासाठी थोडं. राज्यनिहाय एम३ असा काही नसतो. रिझर्व्ह बँक राज्य आणि जिल्ह्यांच्या ठेवी आणि कर्जं देते, रोख देत नाही. नोट कुठल्या जिल्ह्यात फिरते ते कळायला मार्ग नाही. ठेवी घेतल्या तरी मुंबई सगळं चित्र वाकडं करते, कारण कंपन्यांची मुख्यालयं आणि त्यांची खाती तिथे आहेत, कारखाना मात्र दुसऱ्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्या राज्यातही. मुंबईसकट महाराष्ट्र आणि मुंबई वगळून महाराष्ट्र, असे दोन्ही आकडे काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि ज्या पैशावर निम्मा ग्रामीण महाराष्ट्र चालतो, तो या मापात नाहीच. सहकारी बँकांतली ठेव एम३ मध्ये येते. पतसंस्थेतली येत नाही, कारण पतसंस्था ही कायद्यानं बँक नाही. पोस्टातलं बचत खातंही एम३ मध्ये नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुन्या व्याख्येत त्यासाठी एम२ आणि एम४ होते. भिशीचा तर प्रश्नच नाही. आपला एम२ आणि अमेरिकेचा एम२ ही दोन वेगळी जनावरं आहेत, एवढं तरी आंतरदेशीय तुलना करताना तळटीपेत लिहा. नाहीतर अनेकांप्रमाणे 'एम२' हे लेबल बघून दोन स्तंभ शेजारी चिकटवले जातात.

मग हे गुणोत्तर टाकूनच द्यायचं का? नाही. लोक किती पैसा धरून आहेत हाच तुमचा प्रश्न असेल, पैशाची मागणी किंवा भ्रमणवेग हाच विषय असेल, तर याच्याइतकं योग्य माप नाही. तिथे ते स्वतःच्या नावानं वावरतं. वित्तीय विकास म्हणून घ्यायचं असेल, तर सोबत खाजगी कर्जाचं प्रमाण घ्या. १९९१ च्या आधीची वर्षं असतील, तर सीआरआर-एसएलआरची मालिका शेजारी ठेवा. २०१६-१७ आणि २०२०-२१ ही दोन वर्षं काढून आणि ठेवून, दोन्ही प्रकारे निकाल बघा. अंश आणि छेद वेगवेगळे आलेखावर काढा, मग गुणोत्तराचा काढा. त्या तीन आलेखांना एक संध्याकाळ लागते, आणि गुणोत्तर हललं ते वरच्या आकड्यामुळे की खालच्या, हे सिनॉप्सिस जमा करण्याआधीच कळतं.